बेळगावात घरगुती डब्यांचं ॲप करतोय, आधी फाडा, मग शिवतो

कोडवाला_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. पाच वर्षं बंगळुरात काढून यंदा घरी परत आलो. कंपनीचं काम घरूनच चालतं, संध्याकाळी हात मोकळे असतात. मध्ये आई-बाबा दोन महिने बहिणीकडे गेले आणि माझ्या जेवणाचे हाल झाले. हॉटेलचं तेल रोज झेपत नाही. खानावळीत ताट चांगलं मिळतं, पण अडीचला पोचलो की भाकरी संपलेली. आणि आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, एक काकू पंधरा डबे देतात हे मला सातव्या आठवड्यात कळलं. तेही इस्त्रीवाल्याकडून.

तर ॲप. एका बाजूला घरी रांधून देणारे, दुसऱ्या बाजूला जेवणारे. आधी बेळगाव शहर, जमलं तर निपाणी आणि खानापूर. सध्या कागदावर एवढं आहे: नकाशावर जवळची स्वयंपाकघरं, प्रत्येकीचा आजचा मेनू फोटोसकट, ऑर्डर, युपीआय, तारे आणि अभिप्राय. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा. कमिशन दहा टक्के. काय चुकतंय ते मोकळेपणी सांगा, मला लागत नाही.

बे_काय_रे
काय ओ, परत एक ॲप? इस्त्रीवाल्याला सगळं ठाऊक आहे म्हणजे तुमचं ॲप गल्लीत आधीच चालू आहे की. वर शर्ट पण इस्त्री करून देतंय.

जुना_शहापूरकर
कल्पना वाईट नाही. पण तुमच्या डोळ्यापुढे विद्यार्थी दिसतात, नाही तर तुमच्यासारखे एकटे नोकरदार. टिळकवाडीत संध्याकाळी एक फेरी मारून या. दोन मजली घरं आणि आत दोनच माणसं, दोघंही सत्तरीची. मुलं पुण्याला, बंगळुराला, एखादं अमेरिकेत. त्यांना रोज कमी तिखट, मऊ भात आणि वेळेवर डबा हवा. ते ॲप उघडणार नाहीत, पैसे मुलगा तिकडून भरेल. म्हणजे खाणारा एक, पैसे देणारा दुसरा. तुमच्या कागदावर ही सोय दिसली नाही.

पोळपाट
वडगावात अकरा वर्षं डबे देते, सध्या तेवीस आहेत. म्हणून थोडं बोलते.

तुझ्या कागदावर माझं स्वयंपाकघर हॉटेलसारखं चाललंय. दुपारी बाराला कुणीतरी बोट दाबणार आणि मी पातेल्यातून काढून देणार. बाराला माझ्याकडे काही नसतं रे. साडेअकराला डबे गेलेले असतात. उरतं ते आमच्या घरच्या चौघांचं.

माझा दिवस आदल्या रात्री साडेआठला सुरू होतो. तेव्हा मसूर भिजत घालते. डब्याला एक मूठ आणि वर दोन, असं मोजून. पहाटे पाचला परात. किलोभर जोंधळ्याच्या पिठात माझ्या हातच्या तेरा भाकऱ्या होतात, पिठाची विरी (चिकटपणा) गेली असली तर बाराच. डब्याला दोन, म्हणजे तेवीस डब्यांना साडेतीन किलो पीठ. हे गणित रात्रीच मांडावं लागतं, कारण गिरणी सकाळी नऊशिवाय उघडत नाही.

आणि मग सहाला मेसेज येतो, काकू आज नको, गावाला चाललोय. तोवर त्याच्या दोन भाकऱ्या दुरडीत पडलेल्या असतात. असे महिन्याला वीस-बावीस डबे वाया जातात. पोरगं ओळखीचं, पैसे कसे मागायचे? माझा नफा तिथं जातो. दहा टक्के कमिशन दिलं काय, नाही दिलं काय, त्यानं मला तेवढा फरक पडणार नाही.

फ्रिजशेजारी कॅलेंडर लावलंय. त्यावर रोजच्या चौकोनात डब्यांच्या उभ्या रेघा ओढते, पाचवी आडवी. नको म्हटलं की रेघेवर फुली. मला तुझ्या ॲपकडून एवढंच हवं: रात्री साडेआठला सांगायचं, उद्या किती. बाकी नकाशा, फोटो, तारे तुझं तू बघ. आणि अजून एक, पिठाच्या हातानं फोन उघडत नाही. नाकानं उघडून बघितलाय.

कोडवाला_टिळकवाडी
पोळपाटताई, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. "आजचा मेनू" हा अख्खा पडदाच (स्क्रीन) खोडला. दोन गोष्टी विचारतो. साडेआठनंतर आलेला नकार घ्यायचाच नाही असं ठेवलं तर गिऱ्हाईक तुटेल का? आणि नवीन माणसाला कधीपासून जेवायला घेता?

पोळपाट
तुटणार नाही. मी म्हटलं तर मी कडू होते, मशीन म्हटलं तर नियम होतो. नवीन माणूस सोमवारपासून. मध्येच घेत नाही, बाजार शनिवारी होतो.

पुण्यात_अडकलेला
मी याच धंद्यात आहे, ॲपचे पडदे आखतो (मूळचा अनगोळचा). ताईंनी एका परिच्छेदात जे सांगितलं ते शोधायला आमच्याकडे दोन महिने बैठका चालतात.

माझ्या मते तुझ्या ॲपचा मुख्य पडदा जेवणाऱ्याचा असू दे आणि त्यावर एकच मोठं बटण, "उद्या नको". काही न करणाऱ्याचा डबा चालू. सव्वाआठला बटण राखाडी, म्हणजे बंद होणार. पंधरा मिनिटं ताईंना. नेहमीच्या ॲपमध्ये हवं असेल तेव्हा दाबायचं असतं, इथं नको असेल तेव्हाच दाबायचं.

रांधणाऱ्या बाईला पडदाच नको. साडेआठला फोन वाजावा, उचलला की आवाज यावा: "उद्या तेवीस, त्यातले चार बिनकांद्याचे." पुन्हा ऐकायचं असेल तर काहीही दाबा. ज्यांना व्हॉट्सॲप सोयीचं त्यांना तिथं. तिथला एक नियम लक्षात ठेव, समोरच्यानं मेसेज केल्यापासून २४ तास तू मोकळं उत्तर देऊ शकतोस, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेल्या ठरावीक मजकुरातच बोलावं लागतं. रोज सकाळी ताईंनी "डबे गेले" एवढं पाठवलं तर रात्रीचा मेसेज त्या २४ तासांत बसतो.

बे_काय_रे
हे बरं आहे. काही न करणाऱ्याला जेवण. माझ्यासाठीच काढलंय.

खतावणी
रंगाचा बेरंग करतो, पण कुणीतरी करायलाच हवा.

पहिलं, अन्न नोंदणी. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली आणि २०११ च्या नियमांप्रमाणे घरून डबे देणारीलाही नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी, फी थोडीच, फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज. पोळपाटताईंचे तेवीस डबे सत्तर रुपयांनी आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी वर्षाला पाच लाखांच्या आतच राहतात, म्हणजे त्या साध्या नोंदणीत बसतात. १४ आकडी नंबर मिळतो. नंबर नसलेलं स्वयंपाकघर ॲपवर घ्यायचं नाही, ही जबाबदारी ॲपवाल्याची. म्हणून पहिल्या वीस जणींचे अर्ज तू स्वतः बसून भरून दे. त्यातच अर्धी ओळख होते.

दुसरं, जीएसटी. इथं बरेच जण आपटतात. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून विकलेल्या जेवणाचा कर ॲपवाल्यानं भरायचा आहे, पाच टक्के. रांधणारी बाई नोंदणीच्या मर्यादेखाली असली तरीही. आणि ॲपवाल्याला "माझी उलाढाल कमी" म्हणून सुटका नाही. सत्तरच्या डब्यावर साडेतीन रुपये. ते कुणाच्या ताटातून काढायचे ते आधी ठरव. पैसे थेट बाईच्या युपीआयवर गेले म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. ऑर्डर तुझ्यातून गेली की तू ई-कॉमर्सवाला. नुसता सूचनाफलक ठेवायचा असेल तर चित्र वेगळं दिसू शकतं, पण ते तुझ्या सीएबरोबर कागद समोर ठेवून बोल. इथल्या माझ्या बोलण्यावर धंदा उभा करू नकोस.

तिसरं कुणाला आवडणार नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, धंद्याचा वेगळा घ्यावा लागतो, सहसा १९ किलोचा.

पोळपाट
खतावणी भाऊ, सिलिंडरचं तेवढं चारचौघांत कशाला काढलंत. घेतलाय, दोन वर्षं झाली.

गोकाकची_सून
माझं माहेर कन्नड, सासर मराठी, घरी दोन्ही. तुमच्या कागदाचं कन्नड कुठल्या मशीनमधून काढलं असणार हे न बघता सांगते. आमच्याकडं "उद्या नको" म्हणजे "नाळे ब्याड". पुस्तकातलं "बेड" लिहिलंत तर सासूबाई म्हणतील बंगळूरवाला फोन करतोय. आणि "डिश", "क्युझिन" असले शब्द दोन्हीकडं काढून टाका. कन्नडात ऊट म्हणा, मराठीत ताट म्हणा. बेळगावात दोन्ही सगळ्यांना कळतं.

जेवणातसुद्धा "मराठी", "कन्नड" असे कप्पे करू नका. माझ्या डब्यात कडक भाकरी, गुरेळ्याची (कारळ्याची) चटणी, एण्णेगाई (भरली वांगी) आणि त्याच डब्यात मोड आलेल्या मसुरीची आमटी असते. ती कुठल्या कप्प्यात टाकणार?

कोडवाला_टिळकवाडी
कप्प्यांवरून आठवलं. रांधणारीचं पूर्ण नाव दाखवायचं का? मी आडनावासकट दाखवणार होतो, विश्वास वाटावा म्हणून.

जुना_शहापूरकर
आडनाव दाखवलंत की लोक आधी तेच वाचणार. भाजी नंतर. "कुणाच्या हातचं" हे आपल्याकडे अजून विचारतात. तोंडानं नाही विचारत, पण मनात असतं.

ॲक्टिव्हा
मनात कशाला, तोंडावर विचारतात. मी दोन वर्षं डबे पोचवले. दार उघडलं की पहिला प्रश्न, बाई कोण आहेत. मी म्हणायचो, चांगल्या आहेत.

खतावणी
दुसरी बाजूही आहे. काही जणींचं आडनाव हीच त्यांची जाहिरात. अमक्यांच्या घरचे मांडे म्हटलं की बोलणं संपलं. त्यांना ते लपवायला का सांगायचं?

पोळपाट
ज्यांचं आडनाव चालतं त्यांना ॲप लागत नाही, त्यांच्या दारात माणूस आपण होऊन येतो. ॲप लागतं ते ज्यांचं चालत नाही त्यांना. माझ्याकडचे सात डबे मी कोण ते कळल्यावर बंद झाले. पहिल्या वर्षी. तोवर चार महिने बोटं चाटून खात होते. एवढंच लिहिते.

कोडवाला_टिळकवाडी
ताई, हे ठरलं मग. स्वयंपाकघराला नाव द्यायचं, माणसाचं आडनाव कुठेच नाही.

जुना_शहापूरकर
मग गाळणी (फिल्टर) पदार्थाची ठेवा, माणसाची नको. कांदा-लसूण नको, कंदमुळं नकोत, संध्याकाळचा डबा सूर्य मावळायच्या आत. चिकोडी-निपाणी पट्ट्यात जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी, चातुर्मासात ही शेवटची गाळणी सोन्याच्या मोलाची ठरेल. खाणाऱ्याला पथ्य पाळता आलं पाहिजे, एवढ्याशी ॲपचा संबंध.

जांबोटी_घाट
खानापूरचं नाव घेतलंत म्हणून. गावात ठीक आहे. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे पावसात फोन म्हणजे टॉर्च. चार महिने असा कोसळतो की वीज गेली तर दुसऱ्या दिवशी येते. आमच्याकडे "काही न करणाऱ्याचा डबा चालू" हेच बरं पडेल, कारण काही करायला नेटवर्कच नसतं.

पण उलट्या दिशेनं बघा. जून २०२३ पासून बायकांना एसटी फुकट झाली ना (आम्ही कर्नाटकच्या बसलाही एसटीच म्हणतो), तेव्हापासून आमच्या भागातल्या दोघी-तिघी सकाळच्या गाडीनं भाकरीचं गाठोडं घेऊन बेळगावला येतात आणि दुपारी परत जातात. त्यांचं स्वयंपाकघर गावात आणि गिऱ्हाईक शहरात. तुझ्या नकाशावर त्या दिसणारच नाहीत, कारण तू "जवळची" शोधतोयस.

निपाणीचा_पट्टा
आमच्याकडची गोष्ट आणखी वेगळी. निपाणीतली पोरं रोज कागलच्या एमआयडीसीत जातात. रांधायचं कर्नाटकात, खायचं महाराष्ट्रात, मध्ये कोगनोळीचा टोलनाका. फुकटची बस हद्दीच्या आतच, पलीकडच्या गाडीला बायकांना अर्धं तिकीट. डबे कंपनीच्या बसमधून जातात, ड्रायव्हरला महिन्याचे काहीतरी देतात. माझा सल्ला, पोचवायच्या भानगडीत पडूच नका. प्रत्येक गावाची रीत ठरलेली असते, तिला हात लावू नका.

पुण्यात_अडकलेला
बरोबर. आणि पोचवण्यावरून सगळ्यात महत्त्वाचं राहून गेलं. बायकांच्या घरांचे पत्ते आणि फोन नंबर उघडे ठेवायचे नाहीत. नकाशावर घराची टाचणी तर अजिबात नको.

गोकाकची_सून
हे वर आणून ठेवा कुणीतरी. मी एका गटात नंबर टाकला होता, डब्यासाठी. रात्री अकराला फोन, "वैनी जेवायला काय आहे." तीन दिवसांत नंबर काढला, तरी महिनाभर येत होते. शेवटी नवऱ्याकडं फोन दिला तर धंदाच बंद पडला, कारण त्याला भाजीचं काही सांगता येत नाही.

ॲक्टिव्हा
आमच्याकडे कोपऱ्यावरचं किराणा दुकान होतं. बायका डबे तिथं ठेवायच्या, डब्याच्या कानाला रंगीत दोरा. लाल दोरा उद्यमबाग, हिरवा कॉलेज रोड, केशरी बिनकांद्याचा. दुकानदाराला डब्यामागे दोन रुपये आणि वर त्याचा गूळ-शेंगदाणा तिथंच खपतो. कुणाला कुणाचं घर माहीत असायची गरज नाही. दोरा पावसात भिजला की लाल आणि केशरी सारखे दिसतात, तेवढं सांभाळा. फाउंड्रीतल्या माणसाला बिनकांद्याचा डबा गेला होता, त्यानं शिव्या दिल्या त्या अजून आठवतात.

डिसेंबरचं पण धरून ठेवा. हलग्याला सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की हॉटेलात जागा नसते. पोलीस बाहेरून आलेले, ड्रायव्हर, कारकून, सगळे घरचं शोधत फिरतात.

पोळपाट
अधिवेशनाचे डबे मी घेत नाही. दहा दिवसांसाठी चाळीस वाढवायचे, मग अकराव्या दिवशी मोठी पातेली माळ्यावर. रोजच्या माणसाचं जेवण त्या दहा दिवसांत बिघडतं.

बे_काय_रे
आणि तारे? पाचापैकी किती द्यायचे काकूंना? साडेतीन दिले तर लग्नात तोंड कसं दाखवायचं?

कोडवाला_टिळकवाडी
तारे काढले. त्याजागी एकच ठेवतोय: किती जण तीन महिन्यांपेक्षा जास्त जेवतायत. रोज जेवणारा माणूस टिकला यापेक्षा मोठा अभिप्राय काय असणार. तक्रार असेल तर ती फक्त स्वयंपाकघराला दिसेल.

आत्तापर्यंतचा हिशोब: मेनू गेला, नकाशा गेला, फोटो गेले, तारे गेले, आडनाव गेलं, पोचवणं गेलं. उरलं "उद्या नको" आणि साडेआठचा फोन. बंगळुरातल्या मित्राला दाखवलं, तो म्हणाला हे ॲप नाही, गजर आहे.

कमिशनऐवजी डब्यामागे एक रुपया, तोही जेवणाऱ्याकडून. जीएसटीचे साडेतीन त्याच्यावरच. डबा सत्तरचा साडेचौऱ्याहत्तर होतो. सीएकडे उद्या जातोय.

एक मदत हवी. नवीन वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरला ॲप टाकायचं तर आधी १२ जणांना सलग १४ दिवस त्याच्या चाचणीत राहावं लागतं. डबा खाणारे बारा जण हवेत.

ॲक्टिव्हा
मी एक.

जुना_शहापूरकर
मी आणि आमची ही. दोन धरा. हिला पडद्यावरची अक्षरं मोठी लागतील.

बे_काय_रे
मी पण. काही करायचं नाहीये ना?

कोडवाला_टिळकवाडी *(तीन आठवड्यांनी)*
धागा वर आणतोय. पोळपाटताई आणि आणखी दोघी, मिळून एकेचाळीस डबे, १४ दिवस. पहिल्या आठवड्यात साडेआठनंतरचे नकार नऊ आले, नेहमीसारखे थेट ताईंना फोन करून. त्यांनी सगळ्यांना "मशीनला विचार" म्हणून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात दोन. त्यातला एक खरोखर आजारी होता, त्याला ताईंनी पेज पाठवली आणि पैसेही घेतले नाहीत. यासाठी ॲपमध्ये काही सोय नाही, करणारही नाही.

फसलेलं पण सांगतो. एका रात्री सर्व्हर झोपला आणि फोन गेलाच नाही. ताईंनी कालच्या आकड्यावर मसूर भिजवली, तीन डबे जास्त झाले. त्यांचे पैसे मी भरले आणि दुपारी तिन्ही डबे मीच घेऊन बसलो. आता साडेआठला फोन गेला नाही तर मला गजर होतो आणि मी स्वतः फोन करतो.

ताई, कॅलेंडर काढलंत का भिंतीवरचं?

पोळपाट
नाही काढलं. तुझा फोन ऐकते आणि रेघा ओढते. सर्व्हर झोपतो, कॅलेंडर झोपत नाही.

फोनमधली बाई बरी बोलते पण "तेवीस" म्हणताना फार घाई करते, तेवढं बघ. परवा माझे हात कणकेत होते, सासूबाईंनी उचलला. तिकडून आलं, "उद्या बावीस, त्यातले चार बिनकांद्याचे." सासूबाई म्हणाल्या, "बरं हो, आणि तू जेवलीस का गं?" पलीकडून पुन्हा तेच, उद्या बावीस. फोन ठेवून मला म्हणतात, पोरगी कामाची आहे पण माणूसघाणी दिसते.